पाचव्या लेव्हलचा वॉचमन

पाक वागिरान, म्हणजे वागिरानकाका, यांना एकदा पाहिलेला माणूस विसरता येत नाही. इंडोनेशियातल्या जोग्जा शहराच्या दक्षिण भागात त्यांची ही कीर्ती एवढी आहे की कोणाचा भाचा दोन दिवस घरी आला नाही, तर लोक पोलिसांत जाण्याआधी त्यांच्याकडे येतात. "तो होय? मंगळवारी पावणेदहाला गेला की इथून. लाल मोटारसायकल, मागे पक्ष्याचा पिंजरा. पिंजऱ्यात पक्षी नव्हता, म्हणजे आणायलाच निघाला असणार." एवढं सांगून झालं की ते समोरच्याला जेवलात का म्हणून विचारतात, आणि तो नाही म्हणाला तर स्वतःच्या डब्यातलं काढून देतात.

गेली सहा वर्षं ते आमच्या कंपनीच्या फाटकावर बसतात. खाली दातांचा डॉक्टर आणि वर आम्ही. लोकांचा जीव टांगणीला लावणं हे दोघांचंही काम. आम्ही एक गेम बनवतो. नाव 'बायांग', म्हणजे सावली. त्यात लिंतांग नावाचा एक चोर आहे. दर दोन महिन्यांनी गेमचा नवा भाग येतो, आणि एक भाग म्हणजे एक जागा: गोदी, हॉटेल, रेल्वेचं यार्ड, वस्तुसंग्रहालय. लपतछपत आत शिरायचं, ठरलेली वस्तू उचलायची आणि वॉचमनच्या नजरेस न पडता बाहेर यायचं. प्रत्येक वॉचमनच्या डोक्यावर संशयाची एक पट्टी असते. ती पांढरीची पिवळी आणि पिवळीची लाल झाली की खेळणाऱ्याचा खेळ आटोपला.

या वॉचमनांच्या तोंडची वाक्यं लिहायचं काम माझं. मी परदेशातून या गावात आलो तेव्हा माझा मुलगा रांगत होता, आता तो माझ्या बोलण्यातल्या चुका काढतो. पण पोटापाण्याला भाषा पुरते. चार भागांत मी तीनशेच्या वर वाक्यं लिहिली. त्यातली बहुतेक 'कोण आहे तिकडे?' याच अर्थाची होती आणि मला त्यांचा बराच अभिमान होता.

पाक वागिरान मूळचे गुनुंगकिदुलचे. तिथे जमिनीत मुख्यतः दगड पिकतात आणि मधूनमधून कसावा. एकोणिसाव्या वर्षी ते शहरात आले, दोन वर्षं बाजारात पोती वाहिली, आणि मग एका मंगल कार्यालयाच्या फाटकावर उभे राहिले ते बत्तीस वर्षं. इथल्या लग्नात नवरदेवाला पायाने अंडं फोडावं लागतं; ते फोडताना घसरून पडलेले नवरदेव त्यांनी सात पाहिले. सातही जणांना ते आजही नावानिशी ओळखतात. रस्त्यात भेटले तर थांबून बोलतात, मुलाबाळांची चौकशी करतात, पण अंड्याचा विषय कधी काढत नाहीत. निवृत्तीच्या वेळी कार्यालयाने त्यांना एक पितळी पाटी दिली: 'बत्तीस वर्षांत एक चमचाही गेला नाही.' ती त्यांच्या घरी दर्शनी भिंतीवर आहे. त्यांच्या पत्नी बू पोनियेम, म्हणजे पोनियेमकाकू, दर शुक्रवारी ती चिंचेने घासतात. वस्तीत कोणाचंही लग्न निघालं की राखणीची जबाबदारी पाक वागिरान यांच्याकडे हे ठरलेलंच. या मानावर तो माणूस जगत होता म्हटलं तरी चालेल.

आमच्याकडे ते कसे आले ही एक गंमतच आहे. गागात आमचा बॉस. बॉस असला तरी आम्ही त्याला मास गागात, म्हणजे गागातदादाच म्हणतो. त्याने कंपनी काढली तेव्हा नेमलेला पहिला माणूस म्हणजे वॉचमन. राखायला आत काय होतं? दोन खुर्च्या आणि एक म्हातारा संगणक. लोक हसले. गागात म्हणाला, "चांगला माणूस मोकळा झालाय, नाहीतर दुसरं कोणीतरी पळवेल." आम्हाला ते मोठ्या मनाचं लक्षण वाटलं.

आता पाचवा भाग. तो प्रमेस्तीने रचला; तिला सगळे म्बाक, म्हणजे ताई, म्हणतात. ही एकतीस वर्षांची मुलगी दिवसभर ग्लासातला बर्फ कडाकडा चावते आणि आठवड्यातून चार वाक्यं बोलते. त्यातलं एक वाक्य असं होतं: "आपल्याकडे जो लपतो तो पकडला जातो. जो समोरून येतो तो जेवून जातो."

पाचवी लेव्हल म्हणजे एक लग्न. ना अंधार, ना खांबामागे दबा धरणं. भर दुपार, कमानीवर नारळाची कोवळी पानं, आणि चोराच्या अंगात बाटिकचा शर्ट, लग्नाला आलेले सगळे घालतात तसला. वॉचमन दिसला की लपायचं नाही. सरळ त्याच्याकडे जायचं, दोन्ही हातांत त्याचा हात घ्यायचा आणि जुनी ओळख असल्यासारखं बोलायचं. तुम्ही जितकं घरोब्याने बोलाल तितकी संशयाची पट्टी खाली उतरत जाते. शेवटी चोर लग्नातले स्पीकर उचलून नेतो आणि वॉचमन त्याला फाटक उघडून देतो. ही गोष्ट तिने मनाने रचलेली नव्हती. तिच्या मावशीने सांगितलेली होती, आणि मावशीला बाजारात कोणीतरी. शहरात ती सगळ्यांनाच माहीत होती: 'एक वॉचमन होता म्हणे...' अशी सुरू होणारी. आमच्या कचेरीत ती निदान दहा वेळा सांगून झाली असेल. जिन्याच्या पायरीवर चहा पीत पाक वागिरानही ती ऐकायचे आणि जिथे हसायचं तिथे बरोबर हसायचे.

गागात मात्र त्या गोष्टीवर जरा जास्तच हसायचा. "बाजारगप्पा आहेत सगळ्या! इतका बावळट कोण असतो?"

लेव्हल पास-नापास करायचं काम योस्तचं. योस्त हा आमच्या प्रकाशकांचा माणूस. तो कुठल्याशा थंड गावात बसतो, बादलीएवढ्या पेल्यातून कॉफी पितो आणि प्रत्येक नव्या भागाला गुण देतो. सातच्या खाली गुण पडले तर भाग बाहेर पडत नाही. पाचव्या भागाला त्याने चार दिले. शेरा असा: वॉचमनमध्ये बिघाड आहे, अनोळखी माणूस भर दिवसा सामान नेतो आणि हा दार उघडतो, जगात कुठेही असं घडत नाही, शुक्रवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर गेम चार भागांवर संपवू.

दुरुस्त करणं सोपं होतं. वॉचमनने 'कोण तुम्ही?' म्हणून विचारलं की झालं. वाक्यं माझ्याकडे पडलेलीच होती. पण तसं केलं तर प्रमेस्तीच्या दोन महिन्यांच्या कामात उरणार काय? पुन्हा तेच खांब आणि त्याच सावल्या.

आता मी तुम्हाला एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला ती नंतर कळली, पण तुम्हाला आत्ता कळली नाही तर त्या गुरुवारी काय पणाला लागलं होतं तेच समजणार नाही. गोष्टीतला तो वॉचमन म्हणजे पाक वागिरान.

अकरा वर्षांपूर्वीचा रविवार. कार्यालयात सकाळी लग्न लागलं होतं आणि एक वाजता स्वागत आणि जेवणं होती. साडेअकराला एक तपकिरी बाटिकवाला माणूस पिकअप घेऊन आला. आला तो हात पसरूनच.

"पाक वागिरान! अहो, किती वाळलात! ओळखलंत ना?"

पाक वागिरान यांनी ओळखलं नव्हतं. ज्याला हजारो चेहरे पाठ, त्याला हा एक आठवेना. त्यांना घाम फुटला. तुम्ही कोण म्हणून विचारावं, तर तो माणूस पाहुण्यांदेखत ओशाळणार, आणि त्याहून जास्त आपण.

"तुम्हाला नाही ओळखणार तर कुणाला!" ते म्हणाले. "किती दिवसांनी! घरी कसे आहेत सगळे?"

"मजेत! थोरली आता शाळेत जाते."

"अरे वा, एवढी मोठी झाली?" पाक वागिरान म्हणाले. या थोरलीचं नाव त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

मग तो माणूस म्हणाला, साउंड घरघरतोय, एकच्या आत बदलून आणतो. चार स्पीकर आणि अॅम्प्लिफायर पिकअपमध्ये चढले. गाडी निघताना रस्त्यावर रहदारी होती, म्हणून पाक वागिरान यांनी भर रस्त्यात उभं राहून शिट्टी मारली आणि दोन्ही बाजूंची वाहनं थांबवली. एक बसही थांबली. शिवाय बिचाऱ्याचं जेवण चुकेल म्हणून खाऊचे दोन डबे खिडकीतून आत दिले आणि कपाळाला हात लावून सलाम केला.

एक वाजता गाणारणीने विनामाइक गाणं म्हटलं. म्हातारी माणसं म्हणाली, पूर्वी असंच असायचं, किती गोड वाटतं. फाटक कोणी उघडलं ते कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर पाक वागिरान यांना उत्तर द्यावं लागलं असतं, आणि लग्नाच्या दिवशी तसला अवघडलेपणा कोणाला हवा होता? मुलीचे वडील तेवढे फाटकाशी आले आणि म्हणाले, "पाक, जेवलात का?" त्या एका प्रश्नाने पाक वागिरान यांचा घास अकरा वर्षं घशात अडकला. महिनाभरात गोष्ट शहरभर झाली, पण बिननावाची. आणि पाच वर्षांनी ती पितळी पाटी आली. ती परत कशी करणार? कारण विचारलं असतं.

तर गुरुवारी दुपारी आम्ही तिघं, गागात, प्रमेस्ती आणि मी, मोठ्या पडद्यासमोर बसलो होतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात योस्तचा चेहरा होता. प्रमेस्ती त्याला त्याच्या भाषेत समजावत होती (आमच्यात ती तिलाच येते), तो मान हलवत होता, नकाराची. शेवटी तो काहीतरी बोलला आणि प्रमेस्तीने आम्हाला सांगितलं, "तो विचारतोय, तुमच्याकडे एखादा खराखुरा वॉचमन आहे का? त्याने खेळ बघून सांगितलं की असं होऊ शकतं, तर मी मानीन."

"आहे की!" मी उठलोच. "खालीच आहे!"

"राहू दे रे," गागात चटकन म्हणाला. "जेवत असतील ते. कशाला त्रास द्यायचा?"

"दोन वाजलेत, मास. जेवण कधीच झालं असेल."

"मग पडले असतील जरा."

"पाक वागिरान? दुपारी झोपतात? सहा वर्षांत कधी पाहिलंयस?"

 गागातचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची काळजी करतोय.

पाक वागिरान टोपी काखेत मारून वर आले. खुर्ची दिली तर टोकावर बसले. प्रमेस्तीने त्यांना सांगितलं की हे लग्न आहे, हा चोर, हा वॉचमन, आणि तुम्ही फक्त बघून सांगायचं, खरं वाटतंय की खोटं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. कमान, फाटक, स्पीकर.  मग घसा खाकरून म्हणाले, "चहाच्या ग्लासांवर झाकणं नाहीत."

"काय?"

"झाकणं, म्बाक. उघडा चहा ठेवतात का लग्नात? माश्या काय पाहुण्या आहेत?"

प्रमेस्तीने लिहून घेतलं.

"आणि हा वॉचमन उन्हात का उभाय? शिक्षा झालीये का त्याला? आंब्याखाली प्लास्टिकची खुर्ची टाका. शिट्टी खिशात नको, गळ्यात." पडद्यावरच्या दुसऱ्या वॉचमनने तेवढ्यात माझं वाक्य म्हटलं: कोण आहे तिकडे? पाक वागिरान यांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. "हे कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हणालो.

"मास, मी आयुष्यभर फाटकावर उभा राहिलो. हे वाक्य माझ्या तोंडून एकदाही गेलं नाही. मांजराला पण नाही." ते अगदी प्रेमाने बोलले, त्यामुळे जास्त लागलं. तीनशे वाक्यांचा माझा अभिमान तिथेच ओसरला.

मग तो प्रसंग आला. प्रमेस्तीच्या हातातला चोर वॉचमनकडे गेला, त्याचा हात हातात घेतला, घरची चौकशी केली. पट्टी पिवळी होती ती पांढरी झाली. चोराने स्पीकर उचलला. वॉचमनने फाटक उघडलं. चोर बाहेर पडला आणि पडदा थांबला.

योस्त बोलला. प्रमेस्ती म्हणाली, "पाक, तो विचारतोय, खरा वॉचमन असं करील का?"  बर्फाचा ग्लास तिने बाजूला ठेवला होता.

एका शब्दाचं काम होतं. 'नाही' म्हटलं असतं तर पाटी भिंतीवर राहिली असती, वस्तीतला मान राहिला असता, आणि गेली असती ती फक्त कुठल्याशा गेमची एक लेव्हल. 'सांगता येत नाही' हेसुद्धा चाललं असतं. या गावात त्या उत्तरावर अख्खे संसार होतात. पाक वागिरान यांनी टोपी मांडीवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"चूक आहे," ते म्हणाले.

गागातने सुटकेचा एवढा मोठा श्वास टाकला की मला ऐकू आला. प्रमेस्तीने डोळे मिटले.

"चूक आहे," पाक वागिरान पुन्हा म्हणाले. "नुसतं फाटक उघडून कसं चालेल? बाहेर केवढी रहदारी असते. वॉचमन रस्त्यात जातो. शिट्टी मारतो. दोन्हीकडच्या गाड्या थांबवतो, बससुद्धा. आणि त्या माणसाला खाऊचे दोन डबे देतो, वाटेत खायला. मग सलाम करतो."

 

"हे तर गोष्टीत नाहीये," प्रमेस्ती हळूच म्हणाली. "मावशीने डब्यांचं काही सांगितलं नव्हतं."

"मावशीला कसं माहीत असणार? डबे मी दिले होते."

मग त्यांनी सगळं सांगितलं, मान खाली घालून, पण आवाज न चढवता न पाडता. सकाळ, बाटिक, थोरली मुलगी, साउंडची घरघर. मला त्यांच्याकडे बघवेना. माणूस स्वतःच्या हाताने स्वतःची अब्रू उतरवून टेबलावर ठेवत होता आणि प्रमेस्ती त्याचं भाषांतर करत होती. "मला तो आठवत नव्हता," ते म्हणाले. "पण 'आठवत नाही' म्हणायची लाज वाटली. मला सगळे आठवतात म्हणून लोक मान देतात ना. म्हणून मी ओळखलं." त्यांनी पडद्यावरच्या वॉचमनकडे बोट केलं. "यात काही बिघडलेलं नाही, साहेबांना सांगा. हा चांगला माणूस आहे. चांगल्या माणसाचं असंच होतं."

 योस्तने एक शंका काढली. काढली नाही तर तो योस्त कसला. प्रमेस्तीने सांगितलं, "तो विचारतोय, एवढे जड स्पीकर एकट्याने कसे उचलले?"

"एकट्याने नाहीच उचलत," पाक वागिरान म्हणाले. "हीसुद्धा एक चूक आहे तुमची. एक टोक त्याने धरलं, दुसरं टोक आणखी कोणीतरी धरलं होतं. चारही फेऱ्या."

"त्याचा साथीदार?"

"छे! लग्नातलाच. बाटिकवाला तरुण मुलगा. स्वागताला उभा होता, समोर जड काम दिसलं म्हणून हात लावला. चांगल्या घरातली मुलं तशीच असतात."

"कोण होता तो?" मी विचारलं.

पाक वागिरान यांनी समोरच्या चहाच्या ग्लासावरचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. "आठवत नाही, मास," ते म्हणाले. "चेहरा लक्षात नाही राहिला."

पिंजऱ्यात पक्षी नव्हता हे ज्याच्या लक्षात राहतं, त्या माणसाचं हे बोलणं. मी गागातकडे पाहिलं ते सहजच. तो खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे कान लालभडक झाले होते.

योस्तने गुण वाढवून साडेआठ दिले. अहवालात लिहिलं की स्थानिक सुरक्षातज्ज्ञांकडून खात्री करून घेण्यात आली आहे. बत्तीस वर्षं फाटकावर राहून जे जमलं नाही ते चोराला सोडल्यामुळे जमलं आणि पाक वागिरान तज्ज्ञ झाले.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी पाटी खाली काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच आम्हाला सांगितलं. बू पोनियेम स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता काढलीत होय? आणि मी मेली इतकी वर्षं चिंच घालून घासतेय!"

"तुला माहीत होतं?" पाक वागिरान यांनी विचारलं.

"दर लग्नातून दोन डबे घरी आणायचात. त्या रविवारी हात हलवत आलात आणि जेवलाही नाहीत. आठ दिवसांनी बाजारात गोष्ट ऐकली. मला काय दोन आणि दोन चार कळत नाहीत?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत. म्हणून मी पण नाही बोलले." एवढं बोलून त्या पुन्हा आत गेल्या, भात करपत होता म्हणून.

वस्तीत बातमी पसरायला दोन दिवस लागले. आता राखणीची जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे जाणार असं मी धरून चाललो होतो, आणि पाक वागिरानही. पुढच्याच आठवड्यात वस्तीप्रमुखाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि लोक नेहमीप्रमाणे त्यांच्याच दारात आले. त्या गोष्टीचा कोणी उल्लेखही केला नाही. एवढंच झालं की या वेळी साउंडवाल्याने स्पीकर साखळीने खांबाला बांधले, आणि कुलूप लावून झाल्यावर किल्ली मोठ्या विश्वासाने पाक वागिरान यांच्याच हातात दिली.

इकडे प्रमेस्ती चुका दुरुस्त करत होती. ग्लासांना झाकणं आली, आंब्याखाली खुर्ची आली, बस थांबली. माझी वाक्यं पुसली गेली. वॉचमन आता चोराला 'अरे वा, एवढी मोठी झाली?' म्हणतो. राहता राहिला तो दुसऱ्या टोकाचा तरुण. संध्याकाळी सगळे निघायच्या गडबडीत असताना गागात तिच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "त्या मुलाला माझा चेहरा लाव."

"तुझा?"

"कॉलेजातला. केस मोठे होते तेव्हा." त्याने खिशातून एक जुना फोटो काढून तिच्यापुढे ठेवला. लग्नातला गट, मधे नवरी, कडेला बाटिकमध्ये तो. "चुलतबहीण आहे माझी. त्या दिवशी मी घरी सांगितलं की मी मागे मुदपाकखान्यात होतो. अजूनही सगळ्यांना तेच माहीत आहे." मग म्हणाला, "मी त्यांच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, म्बाक. चार वेळा. त्यांनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं होतं." प्रमेस्तीने हे मला सांगितलं तेव्हा बर्फ चावला नाही. दोन खुर्च्या आणि म्हाताऱ्या संगणकासाठी वॉचमन का नेमला होता ते मला त्या दिवशी कळलं.

पाचवा भाग ज्या दिवशी बाहेर पडला त्या दिवशी दुपारी आम्ही टॅबलेट घेऊन फाटकावर गेलो. बू पोनियेम यांनी सगळ्यांसाठी तळलेली केळी पाठवली होती. पाक वागिरान यांनी चष्मा लावला, हात पुसले आणि लेव्हल सुरुवातीपासून बघितली. झाकणं बघून मान डोलावली. आपला वॉचमन रस्त्यात उतरून शिट्टी मारू लागला तसे खुदकन हसले. गागात दोन पावलांवर, मोटारसायकलच्या आरशातली नसलेली धूळ पुसत उभा होता.

मग स्पीकर आला. एका टोकाला चोर, दुसऱ्या टोकाला लांब केसांचा बाटिकवाला मुलगा.

पाक वागिरान यांनी पडदा थांबवायला सांगितला. टॅबलेट जवळ घेतला, लांब धरला. गागात पुढे आला. रुमाल त्याच्या हातात चुरगळला होता.

"पाक," तो म्हणाला, "हा मुलगा... ओळखीचा वाटतो का?"

पाक वागिरान यांनी आधी पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग चष्म्याच्या वरून समोरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दोन्ही नीट पाहिले.

"नाही हो, मास," ते म्हणाले. "चांगल्या घरातला दिसतो. पण याला मी कधी पाहिलेलं नाही. तुम्ही जेवलात का?" आणि गागातला गाडी बाहेर काढायची असेल म्हणून ते फाटक उघडायला उठले.